परदेशगामी आणि किनारी : सागरी जीवरक्षक साधनांची आयात, सीमाशुल्क आणि कोकणचा प्रवासी

१

‘मांडवी’ या शब्दाचा मराठीतील एक जुना अर्थ जकातीचे ठाणे असा आहे. गलबत बंदरात लागले की त्यातील माल मांडवीवर उतरे, त्याची मोजदाद होई, जकात घेतली जाई आणि मगच तो बाजाराकडे जाई. त्याच गलबतातून उतरणाऱ्या माणसांची मोजदाद हा मांडवीचा विषय नव्हता. पश्चिम किनाऱ्यावरील सागरी प्रवासाच्या इतिहासाकडे पाहताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. मालाचे मोजमाप प्रथम आले आणि माणसाच्या जिवाचे मोजमाप पुष्कळ उशिरा आले. ज्या काळात ही दोन्ही मोजमापे एकाच वस्तूच्या ठायी एकत्र आली, म्हणजे जीव वाचविणारे साधन हाच आयात माल झाला, त्या काळाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समुद्रावरील सुरक्षितता ही मुळात कागदावर मिळणारी गोष्ट होती. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी आपल्या ‘कार्ताझ’ या परवान्याशिवाय अरबी समुद्रात व्यापारी जहाजांनी फिरू नये असा दंडक घातला. पुढे कान्होजी आंग्रे यांनी आपले दस्तक घेण्याचा आग्रह धरून कोकणच्या समुद्रावरील सत्ता कोणाची, हा प्रश्नच उभा केला. दस्तक जवळ असलेल्या जहाजास अभय आणि नसलेल्यास जप्तीचे भय, असा हा व्यवहार होता. कर आणि संरक्षण या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. जकात ही केवळ वसुली नसून धोरणाचे साधन आहे, ही जाणही मराठी सत्तेला होती. बारदेशच्या स्वस्त मिठामुळे स्वराज्यातील मीठ मागे पडू नये म्हणून शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये त्यावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली, ती याच जाणिवेतून. परंतु या सर्व संरक्षणाचा रोख चाचे, शत्रू आणि परकी व्यापारी यांच्यापासून होता. वादळापासून प्रवाशाचे रक्षण करणे हे राज्यसत्तेचे कर्तव्य आहे, ही कल्पना वाफेच्या जहाजांबरोबर आली.

२

ब्रिटिश अमदानीत १८७८ मध्ये समुद्र सीमाशुल्काचा कायदा झाला. जहाजाच्या कप्तानाने मालाची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, सादर करावी, आयातदाराने मालाचे वर्णन व मूल्य घोषित करावे, शुल्क भरल्यावाचून माल धक्क्याबाहेर जाऊ नये, अशी शिस्तबद्ध रचना या कायद्याने घालून दिली. ती इतकी भक्कम होती की स्वतंत्र भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमानेही तिचा सांगाडा कायम ठेवला. प्रवाशांसंबंधीही कायदे झाले. १८८७ च्या ‘नेटिव्ह पॅसेंजर शिप्स’ कायद्याने देशी प्रवासी वाहणाऱ्या जहाजांवर काही बंधने घातली. मात्र पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८८८ रोजी, कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘विजळी’ म्हणत. तिच्यावरील कोणीही परत आले नाही. चौकशीत जीवरक्षक होड्या आणि पट्टे यांच्या अपुरेपणाचा उल्लेख झाला. विजेचे दिवे हे त्या काळातील आधुनिकतेचे चिन्ह होते आणि ते जहाजावर आले होते. जीवरक्षक साधने मात्र गरजेइतकी आलेली नव्हती.

१९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर जगभर या प्रश्नाची चर्चा झाली. १९१४ मध्ये लंडन येथे सागरी जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. ‘सोलास’ या नावाने ओळखला जाणारा १९७४ चा करार २५ मे १९८० पासून अमलात आला. जहाजावर किती होड्या असाव्यात, तराफे कसे असावेत, जाकिटे किती व कोठे ठेवावीत, हे या करारांनी बारकाईने ठरविले. तथापि त्यांची एक मर्यादा प्रारंभापासून आजवर कायम आहे. हे करार मुख्यतः आंतरराष्ट्रीय सफर करणाऱ्या जहाजांना लागू होतात. एकाच देशाच्या दोन बंदरांदरम्यान चालणारी बोट त्या देशाच्या अंतर्गत कायद्यावर सोपविलेली असते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारा कोकणी माणूस या आंतरराष्ट्रीय विवेकाच्या कक्षेत आलाच नाही.

११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. मुंबई बंदराच्या मुखाशी, काश्याच्या खडकाजवळ, पावसाळी वाऱ्यात ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य अवघे एकोणतीस दिवसांवर आले होते. संकटाचा संदेश मुंबईस वेळेवर पोहोचला नाही. वार्ता कळली ती दुपारी, वाचून किनाऱ्यास लागलेल्यांच्या तोंडून. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत काही जणांना ओढून घेतले. त्या दिवशी जीवरक्षणाची खरी व्यवस्था ठरली ती कोळ्यांची होडी. तिला ना मान्यताप्रमाणपत्र होते, ना ती कोणत्या आयात यादीत होती.

केवळ जाकिटे असती तर ‘रामदास’ची दुर्घटना टळली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. बोट एका बाजूस झुकताच घाबरलेले प्रवासी दुसऱ्या बाजूस धावले आणि तिचा तोल गेला. अशा काही क्षणांत कोठारात बांधून ठेवलेले साधन कोणाच्याही हाती येत नाही. परंतु याच कारणाने प्रश्न अधिक खोल जातो. साधन जहाजावर ‘असणे’ आणि प्रवाशाच्या अंगावर ‘असणे’ यांत अंतर आहे आणि ते कायद्याच्या कागदावर सहसा दिसत नाही.

३

ज्या वर्षी ‘रामदास’ बुडाली त्याच वर्षी आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा झाला. युद्धकाळात सुरू झालेली आयातबंधने त्याने शांतताकाळात आणली. पुढील साडेचार दशके परदेशी वस्तू आणायची तर केवळ शुल्क भरून भागत नसे, आयात परवानाही लागे. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने ही व्यवस्था बदलली. परकी चलनाची टंचाई असलेल्या देशात हे नियंत्रण अकारण नव्हते. पण त्यामुळे किनारी बोटीच्या छोट्या मालकाची गणना यंत्रसामग्री आणणाऱ्या कारखानदाराच्याच रांगेत झाली.

या संदर्भात १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमातील एक व्याख्या विशेष अर्थपूर्ण आहे. ‘स्टोअर्स’, म्हणजे जहाजाची सामग्री, या संज्ञेत इंधन, सुटे भाग आणि जहाजावर वापरावयाची अन्य उपकरणे येतात, मग ती लगेच बसवायची असोत वा नसोत. अर्थात जीवरक्षक तराफा ही कायद्याच्या भाषेत सामग्री आहे. याच अधिनियमाच्या अकराव्या प्रकरणानुसार आयात सामग्री शुल्काविना गोदामात ठेवून परदेशगामी जहाजास पुरविता येते. ते जहाज परदेशगामी असेतोवर तिचा वापरही शुल्काविना होऊ शकतो. किनारी बोटीला ही सवलत सर्वसाधारण नियमाने नाही. तिच्या मालकाने तोच तराफा परदेशातून मागविला तर तो देशांतर्गत वापराचा माल ठरतो. बिल ऑफ एंट्री भरणे, वर्गीकरण, मूल्यनिर्धारण, शुल्कभरणा, तपासणी आणि शेवटी माल सोडण्याचा आदेश, या साऱ्या पायऱ्या त्याला चढाव्या लागतात.

या तरतुदीमागे तर्क आहे. परदेशी जाणाऱ्या जहाजावरील वस्तू देशात ‘उपभोगली’ जात नाही, म्हणून तिच्यावर आयात शुल्क नको, हा जगभर मान्य असलेला न्याय आहे. प्रादेशिक समुद्राबाहेर मासेमारी करणाऱ्या नौकाही या व्याख्येने परदेशगामी ठरतात. करशास्त्राच्या दृष्टीने त्यात दोष काढता येत नाही. परंतु आंतरराष्ट्रीय करार आणि सीमाशुल्क कायदा हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की एक विलक्षण योगायोग दिसतो. सुरक्षिततेचा कठोर निकष ज्या जहाजाला लागू होतो त्यालाच शुल्काची सवलत मिळते. ज्या बोटीवर निकष सैल, तिच्यावर शुल्क पूर्ण. ‘परदेशगामी’ या एका शब्दाची रेषा दोन्ही कायद्यांत जवळपास एकाच जागी पडते आणि रेवस, धरमतर, मोरा, घारापुरी येथे जाणारा प्रवासी दोन्ही वेळा तिच्या अलीकडेच राहतो.

४

शुल्कदरपत्रकातील वर्गीकरणही बोलके आहे. जीव वाचविणाऱ्या वस्तूंचे असे एक स्वतंत्र प्रकरण त्यात नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या सुसंगत वर्गीकरणात वस्तू मुख्यतः द्रव्य आणि स्वरूप यांवरून ओळखली जाते. त्यामुळे लाइफ जॅकेट शिवलेल्या कापडी वस्तूंत, ६३०७ या शीर्षकाखाली येते. तेथे त्याच्या आधीची नोंद फरशी व भांडी पुसण्याच्या फडक्यांची आहे. हवा भरून फुगणारा तराफा ८९०७ मध्ये, तर वल्ह्यांवर न चालणारी जीवरक्षक नौका ८९०६ मध्ये, युद्धनौकांच्या सोबतीने येते. संकटसूचक अग्निबाण आणि ज्योती ३६०४ मध्ये, शोभेच्या दारूशेजारी बसतात. एका जहाजासाठी एका पेटीत आलेली साधने कागदावर अशी चार घरी विखुरतात. त्या प्रत्येकाचा दर, प्रत्येकाची अट आणि प्रत्येकाचे प्रमाणपत्र वेगळे असते. क्लिअरिंग एजंटचे कौशल्य या विखुरलेल्या घरांची नेमकी ओळख पटविण्यात आहे. एका चुकीच्या आकड्याने पेटी धक्क्यावर अडून राहते.

हे अडकून राहणे इतर मालाच्या बाबतीत पैशाचे नुकसान असते. येथे ते आयुष्याचे नुकसान ठरते, कारण या साधनांनाच आयुष्य असते. अग्निबाणावर मुदत छापलेली असते, ती साधारणतः तीनचार वर्षांची. फुगणारा तराफा सामान्यतः दर वर्षी मान्य केंद्रात उघडून तपासावा लागतो. गोदामात गेलेला प्रत्येक महिना समुद्रावरील उपयोगातून वजा होतो.

अग्निबाणाच्या आयातीचा आणखी एक पैलू समुद्रापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकास अनपेक्षित वाटेल. हे साधन दारूगोळ्याच्या जातीचे असल्यामुळे १८८४ च्या स्फोटक कायद्याची चौकट त्याला लागू होते आणि त्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. अरबी समुद्रात संकटात सापडलेल्या नावाड्याने आकाशात सोडावयाच्या तांबड्या ज्योतीच्या कागदाचा प्रवास अशा रीतीने विदर्भातून होतो.

छत्तीसगडमधील भिलाईलगतच्या रिसालीपासून मुंबईचे बंदर हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही हा विषय तेथील मराठी कुटुंबांना परका नाही. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची यंत्रसामग्री समुद्र ओलांडूनच आली आणि २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’साठी लागलेल्या विशेष पोलादात भिलाईचाही वाटा आहे. याहून जुना दुवा वनस्पतीचा आहे. फोम येण्यापूर्वी जीवरक्षक जाकिटांत बूच किंवा कापोक भरीत. बूच भूमध्य सागराच्या प्रदेशातून आणावे लागे, पण कापोकाच्या जातीचा हलका, पाण्यावर तरंगणारा कापूस देणारी सावर, म्हणजे सेमल, छत्तीसगडच्या रानात उन्हाळ्यात फुटून वाऱ्यावर उडत असते. वनस्पतिशास्त्रात तिच्या या कापसाला ‘भारतीय कापोक’ असेही म्हटले जाते. तेलाच्या संपर्कात कापोकाची तरंगण्याची शक्ती कमी होते, म्हणून तो पुढे मागे पडला. आयातीचा विचार करताना घरच्या द्रव्याचा विचार कसा सुटतो, याची ही एक खूण आहे.

५

२६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचे उद्घाटन झाले. तेव्हापासून देशाच्या कंटेनर व्यापाराचा फार मोठा भाग मुंबईच्या खाडीपलीकडे उतरू लागला. परदेशातून येणारे तराफे, जाकिटे, संकटसूचक रेडिओ यांच्या पेट्याही तेथे उतरतात. ‘रामदास’ जेथे बुडाली ते पाणी तेथून फार लांब नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच बंदरात गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींत प्रत्येक प्रवाशाने जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. तोवर जाकीट ही परदेशातूनच आणावी लागणारी दुर्मीळ वस्तू राहिली नव्हती, ती भारतातही तयार होत होती. तरीही कोठारातून अंगावर येण्यास तिला एका अपघाताची वाट पाहावी लागली. ‘रामदास’पासून मोजले तर हे अंतर सत्त्याहत्तर वर्षांचे भरते.

या साऱ्या वृत्तांतातून सीमाशुल्क खात्यावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. शुल्काधिकारी कायद्याने सांगितलेली वस्तू पाहतो, तिचा आकडा पाहतो आणि मूल्य पाहतो. त्याने माणूस पाहावा अशी व्यवस्था कोणी केलेलीच नाही. प्रश्न कायदा करणाऱ्यांच्या दृष्टीचा आहे. जहाज कोठे जाते यावरून जसा निकष ठरतो, तसा ते कोणाला नेते यावरून ठरू शकेल काय? किनारी प्रवासी बोटीची जीवरक्षक साधने ही चैनीची वा व्यापाराची आयात नव्हे, तीही परदेशगामी जहाजाच्या सामग्रीइतकीच आवश्यक सामग्री आहे, एवढे मान्य केले तर ही रेषा थोडी तरी अलीकडे सरकेल. सागरी जीवितसुरक्षेच्या पहिल्या कराराला शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. मांडवीवर मालाची वही केव्हाच पूर्ण झाली. रेवसच्या धक्क्यावर उतरणाऱ्या माणसाची वही मात्र अजून लिहिली जात आहे.