विमान कंपन्यांची विलीनीकरणे आणि नोकरदारांचे स्थान

१९४९ च्या जानेवारीअखेर आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांहून विमाने रात्री निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि उजाडण्यापूर्वी प्रत्येक विमान आपापल्या गावी परतलेले असे. थैलीवर पत्ता लिहिलेला असल्यामुळे ती एका विमानातून दुसऱ्यात गेली तरी तिचे काही बिघडत नसे. माणसांची गोष्ट मात्र वेगळी आहे. एका कंपनीतील माणसे दुसऱ्या कंपनीत जातात तेव्हा त्यांच्या बरोबर त्यांचा पगार जातो, नोकरीही जाते. परंतु इतक्या वर्षांत त्यांनी मिळवलेले स्थान जातेच असे नाही. भारतातील हवाई वाहतुकीच्या इतिहासात हा अनुभव किमान तीन वेळा आला आहे. त्या तीन प्रसंगांचा विचार आज करावयाचा आहे.

पहिला प्रसंग १९५३ चा. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराची डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली आणि देशात विमान कंपन्यांचे पीक आले. प्रवासी थोडे, कंपन्या फार, आणि बहुतेकांचे हिशेब तोट्याचे, अशी स्थिती दोन-तीन वर्षांतच झाली. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी समिती नेमली. देशाच्या गरजेच्या मानाने कंपन्यांची संख्या फार आहे, त्यांनी आपण होऊन एकत्र यावे, असा समितीच्या सल्ल्याचा आशय होता. कंपन्या आपण होऊन एकत्र आल्या नाहीत. तेव्हा कायद्याने त्यांना एकत्र आणले. जे. आर. डी. टाटा यांचा राष्ट्रीयीकरणास विरोध होता. तरीही १९५३ चा हवाई महामंडळ कायदा संमत झाला, आणि त्या वर्षी १ ऑगस्टला एअर इंडिया, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, एअरवेज इंडिया, भारत एअरवेज, डेक्कन एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, इंडियन नॅशनल एअरवेज व कलिंग एअरलाइन्स ह्या आठ कंपन्यांचे मिळून इंडियन एअरलाइन्स महामंडळ झाले. परदेशी जाणाऱ्या एअर इंडिया इंटरनॅशनलचे महामंडळ वेगळे राहिले.

ह्या कायद्याचे विसावे कलम नोकरदारांसंबंधी होते. १ जुलै १९५२ पूर्वी जो मनुष्य जुन्या कंपनीत नोकरीस लागला आणि हस्तांतराच्या दिवशी तेथेच होता, तो आपोआप महामंडळाचा नोकर होईल. त्याचा पगार, त्याची मुदत, निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटीचे त्याचे हक्क पूर्वीप्रमाणेच राहतील, असे त्यात म्हटले होते. त्या काळाच्या मानाने ही तरतूद उदार होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच वाक्याच्या अखेरीस एक अट होती: महामंडळ नोकरी संपवीपर्यंत किंवा सेवेच्या अटी रीतसर बदलीपर्यंत हे सर्व चालू राहील. जो १९५२ च्या जुलैत किंवा त्यानंतर लागला, त्याला तर हे आश्वासनही नव्हते. आणि आठ कंपन्यांच्या आठ याद्या एकत्र करताना कोणाला कोणाच्या वर बसवावयाचे, ह्या प्रश्नाला ह्या कलमात उत्तर नव्हते.

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे; म्हणून विमान कंपनीत सेवाज्येष्ठतेला काय किंमत असते ते सांगितले पाहिजे. सहवैमानिकाचा मुख्य वैमानिक कधी होणार, त्याला मोठ्या विमानाचे शिक्षण कधी मिळणार, हे बहुतांशी यादीतील क्रमांकावर ठरते. पगारातील मोठा भाग उड्डाणाच्या तासांशी बांधलेला असल्यामुळे कोणते विमान आणि कोणता मार्ग वाट्यास येतो, ह्यावर घरचा खर्च अवलंबून असतो. नोकरकपात करावयाची झाल्यास आरंभ यादीच्या तळापासून होतो. कारकुनाला एका कचेरीतील अनुभव दुसऱ्या कचेरीत थोडाबहुत उपयोगी पडतो; वैमानिकाने कंपनी बदलली तर पुष्कळदा त्याला रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. दोन कंपन्या एक झाल्या म्हणजे दोन रांगांची एक रांग करावी लागते, आणि ती करताना एकाला पुढे घेतले की दुसरा मागे जातोच.

सरकारी नोकरीत हयात घालवणाऱ्यांना हे दुखणे परिचित आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद राज्यातून मराठवाडा आणि मध्य प्रदेशातून विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि त्यांच्याबरोबर तेथील अधिकारीही आले. सेवेच्या अटी त्यांना प्रतिकूल होतील अशा रीतीने बदलावयाच्या झाल्यास केंद्र सरकारची पूर्वसंमती हवी, असे पुनर्रचना कायद्याने स्पष्ट सांगितले होते. पदांची तुलना करताना कामाचे स्वरूप, जबाबदारी व अधिकार, किमान पात्रता आणि वेतन ही चार तत्त्वे पाहावीत, असेही ठरले होते. इतकी काळजी घेऊनही वाद मिटले नाहीत. महाराष्ट्रातील असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला तो १९८१ मध्ये, म्हणजे पुनर्रचनेनंतर पंचवीस वर्षांनी. त्या निकालात न्यायालयाने एक महत्त्वाचा भेद पुन्हा सांगितला. बढतीसाठी विचार होण्याचा हक्क ही सेवेची अट आहे. बढतीची नुसती संधी ही सेवेची अट नव्हे. यादीत खाली गेल्यामुळे कोणाची संधी कमी झाली, तर कायद्याच्या दृष्टीने त्याच्या अटी बदलल्या असे होत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा भेद योग्यच आहे, कारण भविष्यातील आशेची हमी कोणतेही सरकार देऊ शकत नाही. परंतु मनुष्य नोकरी करतो ती ह्याच आशेवर. विलीनीकरणातील बहुतेक असंतोष ह्या फटीतून जन्मास येतो.

१९५३ च्या कायद्याने नोकरदारांना जे कवच दिले होते, त्याचेही आयुष्य कायद्याइतकेच होते. १९९४ मध्ये तो कायदा रद्द होऊन महामंडळांच्या कंपन्या झाल्या. नोकऱ्या चालू राहिल्या. परंतु जुन्या कायद्याखाली केलेले सेवाविनियम त्या कायद्याबरोबरच संपुष्टात आले, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. चाळीस वर्षांच्या वहिवाटीने जे पक्के वाटत होते, ते एका निरसनाने सैल झाले.

दुसरा प्रसंग २००७ चा. देशांतर्गत वाहतूक करणारी इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी जाणारी एअर इंडिया ह्यांचे एकीकरण करण्यास त्या वर्षी मार्चमध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली, आणि ऑगस्टअखेर एकच कंपनी अस्तित्वात आली. नाव एक झाले, विमानांचे रंग एक झाले, पुढे २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या उड्डाणांचा आय.सी. हा संकेतही नाहीसा झाला. मात्र नोकरदारांच्या याद्या दोनच राहिल्या. एकीकडे एअरबस विमाने चालवून दिवसात अनेक लहान उड्डाणे करणारे वैमानिक, दुसरीकडे बोइंगवर लांबचा पल्ला गाठणारे. त्यांचे भत्ते वेगळे, करार वेगळे, संघटनाही वेगळ्या. २०११ च्या एप्रिलअखेर पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एकीकरणाची तत्त्वे ठरवण्यासाठी समिती नेमण्यात आली, आणि तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. विलीनीकरण २००७ मध्ये झाले आणि ज्येष्ठतेच्या तत्त्वांचा अहवाल २०१२ मध्ये आला, हा क्रमच सर्व काही सांगून जातो.

अहवाल आल्यावरही शांतता झाली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले. बोइंग कंपनीच्या नव्या ड्रीमलायनर विमानांचे शिक्षण दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांनाही दिले जात होते, आणि त्यामुळे मुख्य वैमानिक होण्याची आपली पाळी लांबेल, अशी त्यांची तक्रार होती. हा संप जुलैच्या आरंभापर्यंत, जवळजवळ दोन महिने चालला. सुमारे शंभर वैमानिकांना बडतर्फ करण्यात आले आणि अखेर दिल्ली उच्च न्यायालयात समेट झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०११ चा संप एका बाजूने केला, २०१२ चा दुसऱ्या बाजूने. आणि विलीनीकरणात आपलीच फसगत झाली, असे दोन्ही बाजूंना मनापासून वाटत होते. ह्यात वैमानिकांचा लोभ पाहणे सोपे आहे. पण ज्याला मुख्य वैमानिक होण्यास दोन-तीन वर्षे उरली आहेत, त्याला ती पाच-सात वर्षे झाली असे सांगितले, तर तो जे गमावतो ते पुन्हा मिळत नाही. कारण वय थांबत नाही.

हा दोष केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने दिवाळखोरीत निघालेली टी.डब्ल्यू.ए. ही जुनी कंपनी घेतली. त्या कंपनीच्या चार हजारांहून अधिक केबिन कर्मचाऱ्यांना एकत्रित यादीच्या तळाशी ठेवण्यात आले. वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या स्त्रियाही कालच्या उमेदवारांच्या खाली गेल्या. त्या सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर हवाई प्रवास घटला, कपात सुरू झाली, आणि २००३ पर्यंत हे सर्व कर्मचारी घरी बसले. नोकरी टिकणे आणि स्थान टिकणे ह्या वस्तुतः एकच गोष्टी आहेत, हे ह्या उदाहरणावरून दिसते: सुकाळात गेलेले स्थान दुष्काळात नोकरीही घेऊन जाते. ह्या अनुभवानंतर २००७ मध्ये तेथे कायदा झाला, आणि याद्यांचे एकीकरण न्याय्य रीतीने व्हावे, वाद राहिल्यास तो लवादापुढे जावा, अशी तरतूद झाली.

तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा. २०२१ च्या ऑक्टोबरात सरकारने एअर इंडिया टाटा समूहास विकण्याचा निर्णय जाहीर केला आणि २७ जानेवारी २०२२ रोजी ती हवाली केली. त्या वेळी कंपनीत १२,०८५ कर्मचारी होते. त्यांपैकी ८,०८४ कायम व ४,००१ कंत्राटी होते. एक वर्ष कोणालाही काढावयाचे नाही, आणि दुसऱ्या वर्षी काढावयाचे झाल्यास आधी स्वेच्छानिवृत्तीची योजना द्यावयाची, अशी विक्रीची अट होती. १९५३ मध्ये कायद्याने जे दिले होते, ते २०२१ मध्ये कराराने एका वर्षापुरते दिले. मुंबईच्या कालिना वसाहतीतील कुटुंबांना तर नोकरीबरोबर घराचीही चिंता लागली, कारण विक्रीनंतर कंपनीची निवासस्थाने सोडावयाची होती.

पुढे समूहातील चार विमान कंपन्यांच्या दोन करण्याचे काम हाती घेण्यात आले. पूर्वीची एअरएशिया इंडिया १ ऑक्टोबर २०२४ ला एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. तत्पूर्वीच, त्या वर्षीच्या मार्चअखेर, विस्ताराचे अनेक वैमानिक कामावर न आल्यामुळे उड्डाणे रद्द करावी लागली. नव्या वेतनरचनेत सत्तर तासांऐवजी चाळीस तासांच्या उड्डाणाचेच वेतन निश्चित राहणार होते, हे त्याचे मोठे कारण होते. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या शेकडो केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपण कळवले. पंचवीस जणांना काढून टाकण्यात आले आणि मुख्य कामगार आयुक्तांच्या मध्यस्थीने दोन दिवसांत परत घेण्यात आले. काळ बदलला, मालक बदलले, तरी तक्रारीचे स्वरूप तेच राहिले.

ह्या इतिहासातून काय घ्यावयाचे? विलीनीकरणे होऊच नयेत, असे म्हणण्यात अर्थ नाही. १९५३ मध्ये ती झाली नसती तर त्या आठांपैकी कित्येक कंपन्या बुडाल्या असत्या आणि नोकऱ्याही बुडाल्या असत्या. प्रश्न आहे तो क्रमाचा. विमानांची, कर्जांची व इमारतींची मोजदाद विलीनीकरणापूर्वी होते. माणसांची मोजदाद मात्र नंतर करू म्हणून बाजूस ठेवली जाते. ज्येष्ठतेची तत्त्वे विलीनीकरणाच्या दिवसापूर्वी लेखी ठरावीत, ज्यांचे स्थान खाली जाणार त्यांचे म्हणणे आधी ऐकले जावे, आणि वाद मिटवणारा तिऱ्हाईत व त्याची मुदत दोन्ही निश्चित असावीत, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. अशा निर्णयाने सर्व सुखी होतील असे नव्हे. परंतु आपले स्थान कोणत्या नियमाने ठरले हे ज्याला ठाऊक असते, तो खाली गेला तरी स्वतःला फसवला गेलेला मानीत नाही.

आणि एका वर्गाचा उल्लेख केल्यावाचून हे संपवता येत नाही. वरील सर्व भांडणे यादीत नाव असलेल्यांची आहेत. सामान चढवणारे, विमाने धुणारे, तिकिटांच्या खिडकीवर कंत्राटावर बसणारे ह्यांचे नाव कोणत्याच यादीत नसते. म्हणून त्यांचे स्थान वर गेले की खाली, हा प्रश्न उद्भवत नाही, आणि संपाच्या बातम्यांतही ते नसतात. वैमानिकाला निदान न्यायालयाची पायरी चढता येते. कंत्राटाची मुदत संपलेल्या माणसाला उद्या कामावर यावयाचे की नाही, एवढेच सांगितले जाते. विलीनीकरणाचा हिशेब मांडताना आरंभ जर कोठून करावयाचा असेल, तर तो ह्या माणसापासून करावा.