ग्लूटेनमुक्त आहार (सिलिॲक रोग)

ग्लूटेनमुक्त आहार हा सिलिॲक रोगावरील मुख्य उपचार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये असलेली ग्लूटेन नावाची प्रथिने आहारातून आयुष्यभरासाठी पूर्णपणे वगळणे, असे त्याचे स्वरूप असते. सिलिॲक हा लहान आतड्याला इजा करणारा स्वयंप्रतिकार रोग आहे. अशा बहुतेक रोगांमध्ये शरीराची चुकीची प्रतिक्रिया कशामुळे सुरू होते, हे नेमके सांगता येत नाही. सिलिॲक रोगात ते कारण ठाऊक आहे आणि ते दूर केल्यास आतडे पुन्हा भरून येऊ शकते. मात्र रुग्णाला बरे वाटणे आणि आतडे प्रत्यक्ष बरे होणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत. या उपचाराचे बहुतेक नियम याच फरकातून आलेले आहेत.

रोगाचे स्वरूप

ग्लूटेनचे मानवी आतड्यात पूर्ण पचन होत नाही. त्याचे उरलेले तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात व तेथील ट्रान्सग्लुटामिनेज या विकरामुळे त्यांच्यात रासायनिक बदल होतो. एचएलए-डीक्यू२ किंवा एचएलए-डीक्यू८ हा जनुकीय प्रकार असलेल्या काही व्यक्तींमध्ये रोगप्रतिकार यंत्रणा या तुकड्यांवर हल्ला चढवते. त्यात अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे, म्हणजेच रसांकुर, झिजून सपाट होतात. परिणामी लोह, फॉलिक आम्ल, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व इत्यादींचे शोषण घटते.

जगाच्या लोकसंख्येत या रोगाचे प्रमाण सुमारे १ टक्का मानले जाते. भारतात गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तरेकडील राज्यांत ते दक्षिणेच्या तुलनेत बरेच अधिक आढळते. जुलाब, पोट फुगणे व वजन घटणे ही लक्षणे परिचित असली, तरी अनेक रुग्णांमध्ये पोटाची तक्रार नसते. गोळ्या घेऊनही न भरून येणारा रक्तक्षय, सततचा थकवा, मुलांची खुंटलेली उंची, ठिसूळ हाडे, वंध्यत्व किंवा वारंवार होणारे गर्भपात, एवढेच त्यांच्यात दिसून येते. त्यामुळे निदानास अनेकदा वर्षानुवर्षे विलंब होतो.

इतिहास

प्राचीन काळी कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य अरेटियस याने अशा पोटविकाराचे वर्णन केले होते. इंग्लंडमधील वैद्य सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या रोगाचे पहिले सुस्पष्ट आधुनिक वर्णन प्रसिद्ध केले आणि रोगी बरा व्हायचा असेल, तर तो आहारानेच होईल, असा निष्कर्ष मांडला. कोणत्या आहाराने, हे त्यांना सांगता आले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांवर आधारित आहार सुचवला. त्याने अनेक मुले सुधारली. त्या सुधारणेमागे केळी नसून आहारातून गहू वगळला जाणे हे कारण होते, हे पुढे उलगडले.

गव्हाचा संबंध नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी सिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच त्यांनी गहू वगळून पाहण्यास सुरुवात केली होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात देशात भीषण अन्नटंचाई होऊन पाव दुर्मिळ झाला, तेव्हाच्या अनुभवाने त्यांच्या मताला बळ मिळाले. १९५० मध्ये त्यांनी उट्रेख्त विद्यापीठास या विषयावरील प्रबंध सादर केला. पुढे वायर्स व व्हान डे कामर या सहकाऱ्यांसह त्यांनी गव्हातील अपायकारक अंश ग्लूटेन हाच असल्याचे दाखवले. १९५० च्या दशकातच तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा तुकडा तपासणे शक्य झाले आणि झिजलेले रसांकुर थेट पाहता येऊ लागले.

आहारापूर्वी निदान

रक्तातील ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडांची चाचणी व एंडोस्कोपीद्वारे घेतलेली लहान आतड्याची बायॉप्सी यांवरून निदान केले जाते. मुलांमध्ये प्रतिपिंडांची पातळी सामान्य मर्यादेच्या १० पट किंवा अधिक असल्यास आणि दुसऱ्या रक्तनमुन्यातील एंडोमायसियमविरोधी प्रतिपिंडांनी त्यास पुष्टी दिल्यास युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार बायॉप्सी टाळता येते.

या चाचण्या होईपर्यंत रुग्णाने गहू खात राहणे आवश्यक असते. आधीच गहू सोडल्यास प्रतिपिंडे घटतात, आतडे सुधारू लागते आणि रोग असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. अशा वेळी निदानासाठी काही आठवडे पुन्हा गहू खावा लागतो, जे सुधारलेल्या रुग्णास फार त्रासदायक ठरते. निदान अनिश्चित राहिल्यास आहाराची शिस्त ढिली पडण्याचा धोका असतो, तसेच जवळच्या नातेवाइकांच्या तपासणीचा मुद्दाही मागे पडतो. पालक, भावंडे व अपत्ये यांना हा रोग असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

प्रकृतीतील सुधारणेचा क्रम

जुलाब, पोटफुगी व मळमळ ही लक्षणे बहुतेकांमध्ये काही दिवसांपासून काही आठवड्यांत कमी होऊ लागतात. भूक वाढते व मुलांची चिडचिड कमी होते. झिजलेल्या आतड्यामुळे दुधातील शर्करा पचत नसेल, तर तीही हळूहळू पचू लागते. लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय सहसा ६ ते १२ महिन्यांत भरून येतो, परंतु सुरुवातीस लोह व जीवनसत्त्वांची पूरक औषधे द्यावी लागतात. यकृताच्या विकरांची वाढलेली पातळीही अनेकांत वर्षभरात सामान्य होते.

मुलांचे वजन प्रथम वाढते आणि त्यामागोमाग उंची वेग घेते. तारुण्यागमनापूर्वी निदान झालेली मुले बहुधा समवयस्कांची उंची गाठतात. प्रौढांमध्ये हाडांची घनता पहिल्या वर्षात लक्षणीय सुधारते, मात्र ती नेहमी पूर्ववत होतेच असे नाही. अतिशय खाज सुटणारा डर्मायटिस हर्पेटिफॉर्मिस हा सिलिॲकशी निगडित त्वचाविकार आहाराने शमण्यास अनेक महिने ते दोन वर्षे लागू शकतात. तोपर्यंत डॅप्सोन हे औषध वापरले जाते.

आतड्याचे भरून येणे यापेक्षा संथ असते. मुलांमध्ये ते साधारण एक ते दोन वर्षांत होते. प्रौढांच्या एका अमेरिकी अभ्यासात रसांकुर पूर्ववत झालेल्यांचे प्रमाण दोन वर्षांनंतर ३४ टक्के व पाच वर्षांनंतर ६६ टक्के होते. म्हणजेच लक्षणे नाहीशी झाली, तरी आतील इजा दीर्घकाळ शिल्लक असू शकते. लक्षणे नसल्याने आहार सोडणाऱ्या रुग्णांत ती इजा पुन्हा वाढते.

काही परिणाम मागे घेता येत नाहीत. कायमच्या दातांच्या आवरणातील दोष टिकून राहतात आणि ग्लूटेनमुळे शरीराचा तोल जाणारा मज्जाविकार उशिरा लक्षात आल्यास पूर्ण बरा होत नाही.

आहार

आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ पदार्थात ग्लूटेनचे प्रमाण दर किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. भारतीय अन्न सुरक्षा नियमांतही हीच मर्यादा आहे.

महाराष्ट्राच्या पारंपरिक आहारात तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी व मका ही ग्लूटेनविरहित धान्ये आणि सर्व डाळी येतात. भाकरी, घावन, पोहे, उकडीचे मोदक तसेच उपवासाला चालणारे वरई, राजगिरा, शिंगाडा व साबुदाणा हे मुळातच ग्लूटेनमुक्त आहेत. पोळी, रवा, मैदा, शेवया, दलिया व पाव वर्ज्य ठरतात. खपली गव्हातही ग्लूटेन असते, त्यामुळे तो पर्याय होऊ शकत नाही.

खरी अडचण लपलेल्या ग्लूटेनची असते. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू घालण्याची पद्धत आहे आणि सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. सोया सॉस व माल्टयुक्त पेयांतूनही ग्लूटेन पोटात जाते. ज्या गिरणीत गहू दळला जातो, तेथेच दळलेल्या ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ मिसळते. म्हणून स्वतंत्र घरगुती चक्की, वेगळे पोळपाट-लाटणे व वेगळी चाळणी वापरण्याचा सल्ला दिला जातो.

सुधारणा न झाल्यास

आहार सुरू करूनही लक्षणे टिकून राहण्याचे सर्वांत सामान्य कारण नकळत पोटात जाणारे ग्लूटेन हे असते. त्याखेरीज दुग्धशर्करेचे अपचन, स्वादुपिंडाची अकार्यक्षमता किंवा आतड्यातील जिवाणूंची अतिवाढ यांचा शोध घेतला जातो. काटेकोर आहार १२ महिने पाळूनही आतडे सुधारले नाही आणि इतर कारणे आढळली नाहीत, तर दुर्दम्य सिलिॲक रोगाचा विचार केला जातो. तो विरळा आहे, परंतु त्याच्या एका प्रकारात आतड्याच्या लसिकार्बुदाचा धोका मोठा असतो.

निदानानंतर प्रतिपिंडे, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व व मुलांची वाढ यांची नियमित तपासणी केली जाते. प्रतिपिंडे सामान्य होणे हे आहार पाळला जात असल्याचे चांगले चिन्ह आहे, मात्र त्यावरून आतडे पूर्ण भरल्याची खात्री देता येत नाही. तयार ग्लूटेनमुक्त पदार्थांत तंतू कमी व साखर-मेद जास्त असू शकतात. त्यामुळे बद्धकोष्ठता किंवा अतिरिक्त वजनवाढ टाळण्यासाठी आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन उपयुक्त ठरते.