वेताळाचा प्रश्न

श्रोतेहो, ह्या दिवसांत तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे मोजून होईपर्यंत अंधार पडतो, आणि घरी परतताना वाघाचा विषय निघतोच. भीती म्हणजे काय, हे धानोऱ्याच्या माणसाला व्याख्यानातून सांगण्याची गरज नाही. परंतु वाघाची भीती निराळी आणि गोष्टीतली भीती निराळी. वाघ दूर गेला की पहिली सरते. पुस्तक मिटले की दुसरी सुरू होते. ही दुसरी आपल्या मुलखात कोठून आली आणि ती कशावर जगते, एवढाच आजचा विषय.

आरंभ अरण्यातच आहे. दंतकथा अशी की, सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य एका पैजेत हरला आणि त्याला संस्कृत, प्राकृत व देशी अशा तिन्ही भाषा सोडाव्या लागल्या. तो विंध्याच्या रानात गेला, पिशाचांची भाषा शिकला, आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिता झाला. राजाने ती नाकारली. तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून तो अग्नीत टाकू लागला. ऐकता ऐकता पशू चरणे विसरले, वाळले. राजाच्या ताटात सुके मांस येऊ लागले तेव्हा कोठे चौकशी झाली! राजा पोचला त्या वेळी एक लक्ष श्लोक उरले होते. (ताटापर्यंत आल्यावाचून चौकशी होत नाही, हा अनुभव आमच्या चळवळीलाही नवा नाही.)

मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्याच परंपरेतून 'कथासरित्सागर' रचला, आणि त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. त्यांतला राजा गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. तीच गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंच्यापाशी वाहते.

लहानपणी आम्हांस त्या गोष्टीत झाडाला लटकलेल्या प्रेताचे भय वाटे. पुढे चाळिशीत ती पुन्हा वाचली आणि ध्यानात आले की, प्रेत तर बिचारे खांद्यावर निमूट पडून आहे. वेताळ ओरडत नाही, चावत नाही. तो गोष्ट सांगतो आणि न्यायाचा प्रश्न विचारतो: ह्यात दोषी कोण? उत्तर ठाऊक असून गप्प राहशील तर डोके फुटेल. भुताला आपल्याविषयी बरोबर तेच ठाऊक असते, जे आपण बोलत नाही. आमच्या मते भयकथेचे सारे बळ येथे आहे.

ह्याचे दुसरे उदाहरण परदेशातले. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स हा लंडनच्या धक्क्यावरील व्यवस्थापकाचा मुलगा. त्याची 'माकडाचा पंजा' ही गोष्ट १९०२ सालची. हिंदुस्थानातून परतलेला एक शिपाई मंतरलेला पंजा आणतो. म्हातारा यजमान घराचे कर्ज फेडायला दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस दारात येतो: मुलगा यंत्रात सापडला, कंपनी जबाबदारी मानीत नाही, तरी त्याच्या सेवेची जाणीव ठेवून काही रक्कम देऊ इच्छिते. रक्कम किती? दोनशे पौंड.

इंग्लंडात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १८९७ साली झाला होता, आपल्याकडे तो १९२३ साली आला. पण कंपनीच्या माणसाची ही भाषा आम्ही कायद्यानंतरही पुष्कळ ऐकली. एका आरा मशीनवर एक पोरगा गेला. मालक "माणुसकी म्हणून" काही देतो म्हणाला. आम्ही तीन दिवस भांडलो, आकडा दुपटीवर नेला, आणि विजयी मुद्रेने दिवाणजीबरोबर त्याच्या घरी गेलो. आईने पाकीट हातात घेतले नाही. आमच्याकडे पाहून तिने एवढेच विचारले, "भाऊ, हे इतकेच, हे कोनं ठरवलं?"

ठरविले आम्हीच होते. त्या रात्री जेकब्सची गोष्ट काढली, आणि दोनशे पौंडांच्या पुढे आमच्याने वाचवले नाही.

आता मराठी पुस्तकांविषयी. नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांच्या कादंबऱ्या आम्ही भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानातून आणून कंदिलाशी वाचल्या. धारप विज्ञानाचे पदवीधर. भाषा हिशेबी, वर्णन कमी. त्यांनी परदेशी बीजेही मोकळेपणाने घेतली: 'लुचाई'चे मूळ स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या कादंबरीत आहे, जिच्यात शेजारपाजारची माणसेच एकामागून एक परकी होतात. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटातल्या म्हातारीचा उगमही धारपांच्या 'आजी' कथेकडे जातो. मात्र त्यांचा 'समर्थ' आला की आमची भीती ओसरते. वाचविणारा निश्चित असला म्हणजे प्रश्नाचे उत्तर आपणांस द्यावे लागत नाही. म्हणून समर्थ नसलेली पुस्तके आधी घ्यावीत.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) आपल्या कथांना गूढकथा म्हणत, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या गोष्टींत भूत शोधावे लागते. पुष्कळदा ते नसतेच, माणूसच पुरतो. 'खेकडा' हा संग्रह वाचनालयात असेल तर तो अवश्य न्यावा, आणि घरातली सगळी माणसे जागी असताना वाचावा.