सचिनची फेरारी आणि दुसऱ्या मालकाचं बिल

आजच्या भागात एका गाडीची गोष्ट आहे, आणि तिच्या पोटातल्या एका रबरी पट्ट्याची. पट्टा हातभर लांबीचा, पण त्याने जगभरातल्या हजारो हौशी लोकांचे खिसे रिकामे केलेत.

सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसापासून करू. एप्रिल २००२. वेस्ट इंडीजमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरने २९वं कसोटी शतक ठोकलं आणि डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली. सचिन तेव्हा फियाटचा ब्रँड अँबॅसडर होता आणि फेरारी ही फियाटच्याच घरातली कंपनी. त्यामुळे काही महिन्यांनी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर खुद्द मायकल शूमाकरने त्याला फेरारी ३६० मोडेना दिली. लाल रंगाची, ३.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, ४०० हॉर्सपॉवर.

पुढचा वाद घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना आठवत असेल. गाडी भेट म्हणून मिळालेली, पण भारतात आणायची तर कस्टम्स ड्युटी एक कोटीच्या वर. सरकारने ती माफ केली. त्यावर ओरड झाली, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, आणि शेवटी ड्युटी फियाटने भरली. पुढे २०१२ मध्ये याच गाडीभोवती फिरणारा ‘फेरारी की सवारी’ नावाचा सिनेमाही आला.

या सगळ्यात एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. या गाडीचं सर्व्हिसिंग करायचं कुठे? २००२ मध्ये फेरारीचा अधिकृत डीलर भारतात नव्हता. कंपनी इथे आली २०११ मध्ये. आणि गंमत बघा, त्याच वर्षी सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. म्हणजे ३६० मोडेना ‘सेकंडहँड’ झाली. आपला आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

आता थोडं मागे जाऊ, इटलीतल्या मारानेल्लो गावात. फेरारीचा कारखाना तिथे आहे.

इंजिनात वरच्या बाजूला व्हॉल्व्ह असतात. ते उघडतात, मिटतात. खाली पिस्टन वर-खाली होतो. दोघांचा ताल एकदम जुळलेला हवा, कारण जागा एवढी कमी असते की ताल चुकला तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आपटतो. हा ताल सांभाळतं कोण? आधीच्या फेरारींमध्ये लोखंडी चेन सांभाळायची. चेन वजनदार आणि आवाज करणारी, पण वर्षानुवर्षं टिकणारी. १९७३ मध्ये रस्त्यावर आलेल्या दोन मॉडेल्समध्ये, १२ सिलिंडरच्या ३६५ जीटी४ बीबीमध्ये आणि ८ सिलिंडरच्या ३०८ जीटी४मध्ये, कंपनीने चेन काढून रबरी टायमिंग बेल्ट बसवला. हलका, शांत, स्वस्त. कागदावर निर्णय अगदी बरोबर.

फक्त एक गोष्ट. रबर म्हातारं होतं. गाडी चालवा किंवा गॅरेजमध्ये झाकून ठेवा, तीन ते पाच वर्षांत बेल्ट बदलायचाच. नाही बदलला आणि तुटला, तर इंजिनच उघडावं लागतं.

३०८ मध्ये इंजिन आडवं बसवलेलं होतं, त्यामुळे बेल्टपर्यंत हात तरी पोहोचायचा. १९८९ मध्ये ३४८ आली. तिच्यात इंजिन उभं फिरवलं. वजनाचा तोल सुधारला, पण बेल्ट गेले थेट सीटमागच्या भिंतीला चिकटून. आता बेल्ट बदलायचा म्हणजे काय? अख्खं इंजिन गाडीतून खाली उतरवायचं. १९९४ च्या ३५५ मध्येही तेच. अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये ३५५ च्या या मोठ्या सर्व्हिसचं बिल पाच हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. त्यात बेल्टची किंमत किरकोळ असते. पैसे लागतात ते इंजिन काढून परत बसवायच्या मजुरीचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ती ही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे याला टेक्निकल डेट म्हणतात, म्हणजे तांत्रिक कर्ज. रिलीजची तारीख गाठायला आज एक सोपा मार्ग काढायचा, आणि त्याची किंमत दोन वर्षांनी दुसराच कुणीतरी, रात्री दोन वाजता, डोकं धरून चुकवणार. फेरारीतही तेच झालं. ३४८ ज्याने नवी घेतली त्याने दोन-तीन वर्षं मिरवली आणि विकली. इंजिन उतरवायची वेळ आली तेव्हा गाडी दुसऱ्या मालकाकडे होती. पुढच्या वेळी तिसऱ्याकडे.

इथे आजच्या भागातली मुख्य गोष्ट येते. सेकंडहँड गाडीची किंमत कमी होते, तिच्या देखभालीची होत नाही. ३६० मोडेना अमेरिकेत नवी असताना दीड लाख डॉलरच्या आसपास होती. काही वर्षांनी ती निम्म्या किमतीत मिळू लागली. पण तिचा क्लच, ब्रेक, सस्पेन्शनचे पार्ट कुणी निम्म्या किमतीत देत नाही. ते दीड लाख डॉलरच्या गाडीचेच पार्ट आहेत आणि त्यांचं बिलही तसंच येतं. तिसऱ्या मालकाला गाडी परवडते ती त्याच्या ऐपतीने, बिल मात्र येतं पहिल्या मालकाच्या ऐपतीचं.

३६० च्या बाबतीत मारानेल्लोच्या इंजिनिअर्सनी एक शहाणपणाचं काम केलं, तेही सांगायला हवं. सीटच्या मागे एक झाकण ठेवलं. ते उघडलं की बेल्ट समोर. इंजिन उतरवायची गरज नाही. पुढच्या एफ४३० मध्ये, २००४ मध्ये, त्यांनी बेल्टच काढला आणि पुन्हा चेन बसवली. म्हणजे १९७३ चं कर्ज फिटायला तीस वर्षं लागली.

पण ३६० ची स्वतःची वेगळी दुखणी आहेतच. बऱ्याच ३६० गाड्यांना स्टिअरिंगमागे पॅडल असलेला ‘एफ१’ गिअरबॉक्स आहे. त्यात क्लच पेडल नाही, क्लच दाबायचं काम हायड्रॉलिक पंप आणि कॉम्प्युटर करतात. हायवेवर हा प्रकार मस्त चालतो. पण ट्रॅफिकमध्ये गाडी फूट फूट सरकवली की क्लच झिजतो. आता दादर ते अंधेरी संध्याकाळी सात वाजता डोळ्यांसमोर आणा. किती क्लच उरला हे कळायला कंपनीचं डायग्नोस्टिक मशीन जोडावं लागतं. शिवाय त्या काळातल्या फेरारींच्या आतल्या बटणांवर एक मऊ लेप असायचा, तो उष्ण आणि दमट हवेत चिकट होतो. बोट लावलं की गुळासारखं लागतं. कोट्यवधींची गाडी आणि एसीचं बटण गुळाचं.

डायग्नोस्टिकचा विषय निघालाच आहे तर मॅक्लारेन एफ१ ऐका. नव्वदच्या दशकातली ब्रिटिश गाडी, सगळ्या मिळून फक्त १०६ बनल्या. २०१६ मध्ये बातमी आली की या गाड्यांच्या सर्व्हिसिंगसाठी कंपनी अजूनही नव्वदच्याच दशकातले कॉम्पॅक लॅपटॉप सांभाळून ठेवते. कारण गाडीशी बोलणारं खास कार्ड फक्त त्या लॅपटॉपवर चालतं. आपण फोनचा अपडेट आला नाही म्हणून चिडतो. इथे लॅपटॉप मेला तर गाडी मुकी होते.

‘पण जुन्या गाड्यांची किंमत वाढते ना?’ असं तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता म्हणत असेल. बरोबर, काहींची वाढते. मिस्टर बीन, म्हणजे रोवन ॲटकिन्सन यांनी १९९७ मध्ये अशीच एक मॅक्लारेन एफ१ ६,४०,००० पौंडांना घेतली. २०११ मध्ये त्यांचा मोठा अपघात झाला. दुरुस्तीचा खर्च आला सुमारे ९,१०,००० पौंड, खरेदीपेक्षाही जास्त. तो विमा कंपनीने दिला. २०१५ मध्ये तीच गाडी सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली. गोष्ट खरी आहे. पण त्या गाड्या १०६ होत्या आणि ३६० बनल्या सोळा हजारांहून जास्त. रीलमध्ये मॅक्लारेनचा नफा दाखवतात आणि खाली लिंक असते पंधरा वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारच्या ईएमआयची.

कंपन्यांनाही हे कळलं. जुन्या गाड्यांच्या बिलांच्या कहाण्या पसरल्या की नव्या गाडीची रिसेल व्हॅल्यू पडते, आणि मग नवी घेणाराही कचरतो. गेल्या दशकाच्या सुरुवातीपासून फेरारी नव्या गाडीबरोबर सात वर्षांचं नियमित सर्व्हिसिंग देते. गाडी विकली तरी ते पुढच्या मालकाला मिळतं. टायर, ब्रेक पॅड असे झिजणारे भाग त्यात नाहीत. आणि आठवं वर्ष उजाडलं की पुन्हा ज्याचं त्याने बघायचं.

भारतात याला आणखी एक पदर आहे. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आपल्याकडे साधारणपणे आयात करता येत नाही. म्हणजे इथे विकायला दिसणारी जुनी एक्झॉटिक गाडी बहुतेक नवी किंवा नवी असल्यासारखीच आलेली असते, तेव्हाची भरमसाट ड्युटी भरून. संख्या थोडी, म्हणून तिला हात लावणारे मेकॅनिक थोडे. पार्ट बाहेरून येणार, त्यावर पुन्हा ड्युटी. पार्ट येईपर्यंत गाडी लिफ्टवर.

म्हणून अशी गाडी कुणी दाखवली, तुम्हाला किंवा तुमच्या एखाद्या पैसेवाल्या मित्राला, तर किलोमीटर नंतर विचारा. आधी फाइल मागा. बेल्ट कधी बदलला, कुणी बदलला, त्याची पावती. क्लच किती टक्के उरला, त्याचं प्रिंटआउट. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी असं रबराला वाटत नाही. वीस वर्षांत आठ हजार किलोमीटर चाललेल्या आणि बेल्ट न बदललेल्या ३६० पेक्षा, पन्नास हजार चाललेली आणि दर तीन वर्षांनी पावती असलेली ३६० केव्हाही बरी.

आणि फाइल नसेल, तर सांगितलेल्या किमतीत त्या सगळ्या न केलेल्या सर्व्हिसेस मिळवा. जो आकडा येईल, ती त्या गाडीची खरी किंमत.

आजच्यापुरतं एवढंच. ऐकत राहा.