पासवर्ड बरोबर, तरी दार बंद का?

आज एका ओळखीच्या प्रसंगापासून सुरुवात करू. रात्री लिनक्सचं अपडेट लावलं, सकाळी संगणक सुरू केला. लॉगिनचा पडदा आला, पासवर्ड टाकला, क्षणभर काळोख झाला आणि पुन्हा तोच लॉगिनचा पडदा! पासवर्ड चुकला असंही कुठं म्हटलेलं नाही. आपण चार वेळा करून बघतो. मग कुणीतरी सांगतं, 'फॉरमॅट मारा.' इथं आपले फोटो, हिशेब, अर्धवट लिहिलेला प्रबंध, सगळंच पणाला लागतं. तेव्हा थोडं थांबून या पडद्याचा इतिहास बघू या.

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवायला घेतलं. त्या काळात युनिक्स वापरायचं ते टेलिटाइपवरून, म्हणजे कागदाच्या गुंडाळीवर छापणाऱ्या यंत्रावरून. लिनक्सच्या टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात, ते त्याच शब्दाचं लघुरूप. तिथली रीत साधी. नाव विचारायचं, पासवर्ड तपासायचा, काम करू द्यायचं. काम संपलं की पुढच्या माणसासाठी पुन्हा नाव विचारायचं. मध्येच काही बिघडलं, तर यंत्राची तक्रार कागदावर छापलेली राहायची.

१९८४ साली एमआयटीमध्ये एक्स विंडो सिस्टीम जन्माला आली आणि युनिक्सला खिडक्या मिळाल्या. १९८८ मध्ये कीथ पॅकर्ड यांचा एक्सडीएम हा प्रोग्राम तिच्यासोबत आला. लॉगिनचा चित्रमय पडदा दाखवणं हे त्याचं काम. पण रीत टेलिटाइपचीच ठेवली होती: सत्र संपलं की पुन्हा लॉगिन. आता गंमत बघा. सत्र आठ तासांनी संपलं काय किंवा एका सेकंदात कोसळलं काय, देवडीवरच्या या पहारेकऱ्याला दोन्ही सारखंच! आजचे जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम हे त्याचेच वारस. म्हणजे आपल्याला दिसतो तो बहुधा पासवर्डाचा नकार नसतो. पासवर्ड पटलेला असतो, पण आत गेल्यावर सत्र उभंच राहत नाही.

मग तक्रारीचा कागद कुठं गेला? तो हरवलेला नाही, त्याची जागा बदलली. एक्सच्या काळात तक्रारी आपल्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फायलीत जाऊ लागल्या. २०१० मध्ये सिस्टमडी आलं, तेव्हापासून हळूहळू त्या जर्नल नावाच्या नोंदवहीत जमू लागल्या.

ती वाचायची कशी? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. जुन्या टेलिटाइपचा वारसा सांगणारा अक्षरी पडदा येईल. तिथं तेच नाव, तोच पासवर्ड द्या. आत शिरलात, तर खातं शाबूत आहे. आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. मग जर्नल उघडून या खेपेच्या नोंदी वाचा आणि तीन गोष्टी तपासा.

पहिली, डिस्क भरली आहे का? अपडेटांची पॅकेजेस आणि जुने कर्नल साठत जातात आणि सत्राला स्वतःच्या छोट्या फायली लिहायलाही जागा उरत नाही. दुसरी, होम फोल्डरमधल्या एक्सऑथॉरिटी या लपलेल्या फायलीची मालकी कुणाची आहे? कधी रूटच्या अधिकारानं खिडक्या सुरू केल्या असतील, तर ती रूटच्या नावावर जाते आणि आपल्यालाच आपली फाइल उघडता येत नाही. तिचं नाव बदलून ठेवा, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. तिसरी, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. कर्नल नवा आला, पण बाहेरून बसवलेला ड्रायव्हर त्याच्यासाठी बांधला गेला नाही, तर चित्र उभं राहत नाही. अशा वेळी संगणक सुरू होतानाच्या ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून बघा. तो चालला, तर दोष कुठं आहे ते जवळपास कळलंच.

अक्षरी पडद्यावरही पासवर्ड नाकारला, तर मात्र शोध दुसऱ्या दिशेनं करायचा. कीबोर्डची मांडणी बदलली का, कॅप्स लॉक चालू आहे का, हे आधी बघायचं. त्यानंतर पॅम. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांनी मांडलेली ही ओळख पटवण्याची पद्धत पुढं लिनक्सनं स्वीकारली. तिच्या नियमांची फाइल अपडेटमध्ये बिघडली, तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

यातल्या एकाही दुरुस्तीला फॉरमॅट लागत नाही. पुढच्या व्याख्यानात आपण २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडकडे वळू आणि एक्सची जागा त्यानं कशी घेतली, ते पाहू.