दिवाळीचे पहिले दिवे आणि फराळाचं ताट



वसुबारसेपासून आमच्या खडवलीत घराघरांतून तळणीचा वास येतो. चकल्या, करंज्या, शंकरपाळे. शेजारची ताटं येतात, आपली जातात. दिवाळी म्हणजे खाणं, असंच आपण धरून चालतो.

कल्पसूत्रातली दिवाळी मात्र वेगळी आहे. परंपरेनुसार इ.स.पू. 527 मध्ये, आश्विन अमावास्येला, पावापुरीत भगवान महावीरांचं निर्वाण झालं. तेव्हा प्रभूंचा निर्जल छठ, म्हणजे दोन दिवसांचा उपवास होता. नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी अशा अठरा गणराजांनी त्या दिवशी पौषध केला आणि ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून दिवे लावले. म्हणजे आपल्या परंपरेत दिवाळीचे पहिले दिवे उपवासाच्या दिवशी लागले! पुढे इ.स. 783 मध्ये आचार्य जिनसेनांनी हरिवंशपुराणात याच दीपालिकेची नोंद केली.

आजही कितीतरी जण दिवाळीत छठ करतात. पण माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, डॉक्टरांनी उपवासाला नाही म्हटलंय. मग त्यांनी तप करायचंच नाही का? शास्त्रात बाह्य तपाचे सहा प्रकार आहेत. अनशन पहिलं, लगेच पाठोपाठ ऊनोदरी: भुकेपेक्षा दोन घास कमी. मग वृत्तिसंक्षेप, म्हणजे मोजकेच पदार्थ. आणि रसत्याग, म्हणजे तूप, तेल, गोड सोडणं.

म्हणून आमच्याकडे फराळ सूर्यास्ताआधीच, दिवसाला एकच पदार्थ, आणि सासूबाईंसाठी बिनसाखरेचा भाजका चिवडा. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, आणि तपही झालं.