तैपेई ते शांघाय : नकाशावर जवळ, प्रवासात दूर

तैवानची राजधानी तैपेई आणि चीनमधील शांघाय यांतील हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर, म्हणजे साधारण मुंबई–नागपूर इतके. विमानाला दीड तास पुरेसा. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रवासात जवळजवळ अख्खा दिवस मोडत असे.

याचे मूळ १९४९ मध्ये आहे. यादवी युद्धात पराभूत झालेले च्यांग कै-शेक यांचे सरकार तैवानला गेले. त्यांच्यामागून लाखो सैनिक आणि नागरिकही समुद्र ओलांडून आले. आईवडील, पत्नी, मुले पलीकडेच राहिली. टपाल, व्यापार, वाहतूक सारे थांबले. १९७९ मध्ये चीनने हे संबंध पुन्हा जोडण्याचे आवाहन केले, तेव्हा तैपेईचे उत्तर होते : संपर्क नाही, वाटाघाटी नाहीत, तडजोड नाही.

या धोरणाला पहिला तडा एका वैमानिकाने दिला. ३ मे १९८६ रोजी वांग शी-च्युए याने तैवानच्या ‘चायना एअरलाइन्स’चे मालवाहू विमान हाँगकाँगऐवजी थेट चीनमधील ग्वांगझू येथे उतरवले. विमान आणि उरलेले दोन कर्मचारी परत हवेत, तर बोलणे भाग होते. अखेर दोन्हीकडच्या विमान कंपन्यांचे प्रतिनिधी हाँगकाँगमध्ये समोरासमोर बसले. सरकारे बोलत नव्हती, कंपन्या बोलत होत्या; निदान कागदोपत्री तरी!

नोव्हेंबर १९८७ पासून तैवानमधील लोकांना चीनमधील नातेवाइकांना भेटण्याची परवानगी मिळाली. अनेक वृद्ध सैनिक जवळपास चाळीस वर्षांनी गावी परतले. काहींच्या नशिबी केवळ आईवडिलांची कबर पाहणे आले. मात्र विमान हाँगकाँगला बदलावे लागे. त्या मार्गाने अंतर होई दोन हजार किलोमीटरांहून अधिक.

२६ जानेवारी २००३ रोजी चिनी नववर्षानिमित्त तैवानचे प्रवासी विमान शांघायला उतरले, पण वाटेत हाँगकाँगच्या धावपट्टीला स्पर्श करून. २००५ मध्ये उतरण्याची अट गेली. तरी हाँगकाँगच्या हवाई क्षेत्रातून वळसा घालणे सक्तीचेच राहिले. शांघाय तैपेईच्या उत्तरेस आणि विमान आधी नैर्ऋत्येला जाणार! यामागे केवळ हट्ट नव्हता. थेट मार्ग खुला केल्यास लढाऊ विमानांनाही तीच वाट सापडेल, ही तैवानच्या संरक्षण व्यवस्थेची भीती खरी होती.

मे २००८ मध्ये मा यिंग-जौ राष्ट्राध्यक्ष झाले. जुलैपासून शनिवार-रविवारच्या आसपास विशेष उड्डाणे सुरू झाली, पण वळसा तसाच होता. १५ डिसेंबर २००८ रोजी सरळ मार्ग उघडला आणि एका दिवसात प्रवासातून सुमारे तासभर गळाला. नियमित वेळापत्रकाची विमाने ३१ ऑगस्ट २००९ पासून धावू लागली. १९४९ मध्ये विशीत असलेला सैनिक तोवर ऐंशी पार करून गेला होता.